रायफल तीच, नाव तेच. मग हळहळ कशाची?



एखादी गोष्ट बदलत राहते आणि तरीही आपण तिला 'तीच' म्हणतो. हे कशाच्या बळावर म्हणतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आज त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे अमेरिकेतल्या एका रायफल कंपनीचं. कंपनीचं नाव मार्लिन. तुम्ही म्हणाल, सर, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात बंदूक कुठून आली? मी स्वतः कधी बंदूक चालवलेली नाही, तेव्हा शंका रास्त आहे. पण या कंपनीची मालकी बदलल्यावर तिच्या चाहत्यांनी जी हळहळ व्यक्त केली, जे वाद घातले, त्यांत हाच प्रश्न आहे. त्यांनी त्याला तत्त्वज्ञान म्हटलं नाही, एवढंच. 'ही मार्लिन खरी मार्लिन नव्हे' असं माणसं छातीठोकपणे म्हणतात, तेव्हा त्यांना नेमकं काय म्हणायचं असतं, ते आज आपण उलगडून बघू.

आधी वस्तू समजून घेऊ

जुन्या काउबॉय सिनेमांत एक रायफल दिसते बघा. चापाभोवती बोटं अडकवायला लोखंडी कडी असते. कडी खाली ओढली की झडलेल्या काडतुसाचं रिकामं नळकांडं बाहेर फेकलं जातं. कडी वर घेतली की नवं काडतूस नळीत जाऊन बसतं. हिला लिव्हर-ॲक्शन म्हणतात. या प्रकारात सगळ्यात गाजलेलं नाव विंचेस्टरचं. मार्लिन ही तिची प्रतिस्पर्धी.

जॉन मॅहलन मार्लिन या गृहस्थांनी १८७० मध्ये कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी आपला धंदा सुरू केला. त्यांच्या रायफलीत एक वेगळेपण होतं. विंचेस्टरच्या लिव्हर रायफलीतून रिकामं नळकांडं वरच्या बाजूनं उडायचं. मार्लिननं १८८९ च्या मॉडेलपासून ते उजव्या कुशीतून बाहेर काढलं आणि वरचा भाग सलग लोखंडाचा ठेवला. पाऊस, कचरा आत जायचं प्रमाण कमी झालं. पुढे रायफलीवर दुर्बीण बसवायची पद्धत आली, तेव्हा हा सलग माथा फारच सोयीचा ठरला. १९४८ मध्ये आलेलं ३३६ नावाचं मॉडेल याच घराण्यातलं. हरणाच्या शिकारीला जंगलात जाणाऱ्या सामान्य माणसाची ही रायफल. किंमत आवाक्यातली, बांधा दणकट. बापानं वापरली, मुलाला दिली, मुलानं नातवाला दिली. म्हणजे माणसं तिच्याकडे कशी बघत असतील याचा अंदाज येईल तुम्हाला. आपल्याकडे घरातल्या जुन्या पितळी भांड्यांकडे बघतात ना, तशी.

नळीच्या डाव्या अंगाला एक बारीकसा ठसा असतो. इंग्रजी 'जे' आणि 'एम' ही दोन अक्षरं. जॉन मार्लिनची आद्याक्षरं. नळी कारखान्यात तपासली गेली, चाचणीत उतरली, याची ती खूण. हा ठसा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मालक बदलला, मग काय झालं?

२००७ च्या डिसेंबरात जाहीर झालं की रेमिंग्टन ही दुसरी जुनी बंदूक-कंपनी मार्लिनला विकत घेणार. २००८ च्या जानेवारीत व्यवहार पुरा झाला. पण रेमिंग्टन तरी स्वतंत्र कुठे होती? तिला आदल्याच वर्षी सर्बरस नावाच्या गुंतवणूक संस्थेनं घेतलं होतं. या संस्था काय करतात, तर इतरांचा पैसा गोळा करून कंपन्या विकत घेतात, खर्च कमी करतात, दोन-चार कंपन्या एकत्र बांधतात आणि पुढे नफ्यात विकायचा प्रयत्न करतात. सर्बरसनं अशा अनेक बंदूक-कंपन्यांची मोट बांधली होती. तिचं नाव फ्रीडम ग्रुप.

२०१० च्या मार्चमध्ये घोषणा झाली की मार्लिनचा नॉर्थ हेवनचा कारखाना बंद होणार. न्यू हेवनच्या शेजारचं हे गाव, कारखाना तिथे १९६९ पासून होता. २०११ मध्ये त्याला कुलूप लागलं. काम न्यूयॉर्क राज्यात, रेमिंग्टनच्या इलियनच्या कारखान्यात हलवलं. यंत्रं गेली, आराखडे गेले, नाव तर गेलंच. माणसं मात्र बहुतेक गेली नाहीत. कशी जाणार? पन्नाशीतला कारागीर घरदार सोडून दुसऱ्या राज्यात जातो थोडाच.

आणि मग बाजारात ज्या मार्लिन रायफली आल्या, त्या हातात घेऊन लोक चक्रावले. लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यात फट. नळी जराशी फिरलेली, त्यामुळे टोकावरची नेम धरायची खूण तिरकी. लिव्हर ओढताना खरखर. काडतूस मध्येच अडकतंय. चाहत्यांनी रेमिंग्टन आणि मार्लिन यांची संधी करून या रायफलींना नाव ठेवलं, 'रेमलिन'. अक्षरशः नाव ठेवलं! जुन्या, 'जेएम' ठशाच्या रायफलींचे भाव चढायला लागले. नव्यांवर 'आरईपी' असा रेमिंग्टनचा ठसा होता. जुनी रायफल घेताना लोक आधी नळी तिरकी करून ठसा बघू लागले.

बरं, असं का झालं? या क्षेत्रातली जाणकार मंडळी जे सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. नॉर्थ हेवनची यंत्रं जुनी होती, झिजलेली होती. कागदावरचे आराखडे आणि प्रत्यक्षात घडणारे भाग यांत वर्षानुवर्षांत अंतर पडत गेलं होतं. ते अंतर भरून काढत होते तिथले कामगार. अमुक यंत्र जरा डावीकडे ओढतं, म्हणून तुकडा लावताना असा लावायचा. तमुक भागावर शेवटी कानस दोनदा जास्त फिरवायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही कुणाला वाटली नव्हती, कारण जाणणारा माणूस समोर उभा होता.

'तीच' म्हणजे काय?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. प्लुटार्कनं थीसियसच्या चरित्रात एक गोष्ट सांगितली आहे. थीसियसचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. असं करता करता जुनं लाकूड उरलंच नाही. मग हे जहाज तेच की दुसरं? सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात एक मेख मारली. समजा कुणी त्या काढलेल्या जुन्या फळ्या साठवून ठेवल्या आणि त्यांचं पुन्हा जहाज बांधलं. आता थीसियसचं जहाज कोणतं?

आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा रथाबद्दलचा संवाद आहे. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. सगळं मिळून तरी रथ का? मग 'रथ' हे काय आहे? नागसेनांचं म्हणणं असं की अमुक भाग अमुक रीतीनं एकत्र आले की व्यवहारात आपण 'रथ' म्हणतो. त्यापलीकडे वेगळा असा रथ नाही. नैयायिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, अवयवांहून अवयवी वेगळा असतो. धाग्यांनी वस्त्र घडतं, पण वस्त्र म्हणजे नुसते धागे नव्हेत.

हे सगळं मार्लिनला लावून बघा. तीन उत्तरं शक्य दिसतात.

पहिलं उत्तर, ओळख वस्तूंमध्ये असते. यंत्रं, साचे, आराखडे. पण ते तर इलियनला गेलेच होते! हॉब्जच्या भाषेत, जुन्या फळ्या नव्या मालकाकडेच होत्या. तरी चाहते म्हणतात, ही ती नव्हे.

दुसरं उत्तर, ओळख नावात असते. कायदा हेच म्हणतो. ज्याच्याकडे नावाचा हक्क, तो मार्लिन. पण इथे चाहत्यांच्याच अनुभवात एक सुंदर दाखला सापडतो. मार्लिन कंपनी मोठ्या दुकानांसाठी 'ग्लेनफिल्ड' या नावानं स्वस्तातल्या रायफली बनवायची. कारखाना तोच, कामगार तेच, आतली यंत्रणा तीच. दस्ता मात्र अक्रोडाऐवजी बर्चसारख्या साध्या लाकडाचा. नावात मार्लिन नाही. आणि आज चाहते काय म्हणतात? 'अरे, ग्लेनफिल्ड म्हणजे मार्लिनच!' म्हणजे बघा, एकीकडे नाव नाही पण हात तेच, तर लोक म्हणतात ही खरी. दुसरीकडे नाव आहे पण हात दुसरे, तर लोक म्हणतात ही खोटी. नावाचा निकाल इथेच लागला.

मग तिसरं उत्तर उरतं, ओळख हातांत असते. कसबात. हे उत्तर सगळ्यात आकर्षक आहे, आणि त्यात बरंच तथ्यही आहे. म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू.

हातातलं ज्ञान

गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात एक भेद ठळक केला. एखादी गोष्ट 'अशी आहे' हे माहीत असणं वेगळं आणि ती 'कशी करायची' हे येणं वेगळं. पोहण्यावरचं पुस्तक पाठ करणारा माणूस पाण्यात बुडू शकतो. मायकेल पोलान्यी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, हंगेरीत जन्मलेले, पुढे इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञानाकडे वळलेले. ते आणखी पुढे गेले. त्यांचं म्हणणं, आपल्याला जे येतं त्यातला फार मोठा भाग आपण शब्दांत सांगूच शकत नाही. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस विचारा. तो सांगेल ते बहुतेक चुकीचं असेल, आणि तरी तो पडणार नाही. अशा ज्ञानाला आपण मूक ज्ञान म्हणू.

हे तुम्हाला परकं नाही. पुरणपोळीची कृती पुस्तकात आहे, प्रमाण वाटीनं दिलंय. तरी पहिल्यांदा करणाऱ्याची पोळी फाटते. कणीक किती सैल, हे बोटांना कळावं लागतं. गाण्यातही तेच. बंदिश लिहून देता येते, तालीम लिहून देता येत नाही. ती समोर बसून घ्यावी लागते, वर्षानुवर्षं.

मूक ज्ञानाचं एक वैशिष्ट्य आहे, आणि माझ्या मते मार्लिनच्या कथेची कळ तिथे आहे. हे ज्ञान फक्त माणसाकडून माणसाकडे जातं. त्याची साखळी असते. साखळी एका पिढीत तुटली की ते ज्ञान कपाटात सापडत नाही, कारण ते कपाटात कधी नव्हतंच. खरेदीखतात जागा, यंत्रं, पेटंट, नाव, सगळ्याची यादी असते. नॉर्थ हेवनच्या कुणा कामगाराच्या अंगठ्याला जे कळत होतं, त्याला त्या यादीत ओळ नव्हती. ज्याची ओळ नाही, त्याची किंमत धरली जात नाही. आणि ज्याची किंमत धरलेली नाही, ते गेलं तर तोटा झाला हे हिशेबात दिसत नाही. दिसतं ते पुढे, ग्राहकाच्या हातात.

मी इथे कुणाला खलनायक ठरवत नाही. जुनी, झिजलेली यंत्रं घेऊन चाललेला कारखाना बंद करून दोन ठिकाणचं काम एका ठिकाणी आणणं, यात धंद्याचा तर्क आहे. चूक तर्कात नव्हती. ती तर्काला पुरवलेल्या माहितीत होती.

चाहत्यांनाही दोन प्रश्न

पण तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला एक खोड असते. ज्या बाजूशी सहानुभूती वाटते, तिलाच तो जास्त प्रश्न विचारतो. चाहत्यांचं म्हणणं दोन भागांत आहे. एक, जुनी मार्लिन खरी, कारण ती मूळ घराण्याची. दोन, परक्या मालकानं घात केला. दोन्ही तपासू.

पहिलं. 'जेएम' म्हणजे जॉन मार्लिन. ते गेले १९०१ मध्ये. त्यांच्या मुलांनी कंपनी चालवली आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांना विकली. तेव्हा महायुद्ध चालू होतं. कंपनीनं मशीनगन बनवल्या, नाव झालं मार्लिन-रॉकवेल. युद्ध संपलं, मागणी आटली, बंदुकांचा धंदा बसला. १९२४ मध्ये लिलाव झाला. फ्रँक केना नावाच्या वकिलानं ती कंपनी घेतली. किती पैशांत? शंभर डॉलर रोख! वर एक लाख डॉलरचं गहाण होतं, ते मात्र अंगावर घ्यावं लागलं. केना कुटुंबानं पुढची ऐंशीहून जास्त वर्षं ती चालवली. मधल्या काळात तग धरायला दाढीची ब्लेडंसुद्धा विकली.

म्हणजे काय झालं? चाहते ज्या रायफलींना अस्सल म्हणतात, त्यांतल्या बहुतेक, १९४८ नंतरची ३३६ तर सगळीच, लिलावात नाव घेतलेल्या एका परक्या कुटुंबाच्या कारखान्यात तयार झाल्या. 'जेएम' हा ठसासुद्धा त्यांनीच उमटवत ठेवला. ज्या ठशाला लोक घराण्याचा पुरावा मानतात, तो मार्लिन घराण्याच्या माणसाच्या हातून आलेलाच नाही. मग तो खोटा का? मुळीच नाही. केनांनी त्या अक्षरांमागचा शब्द पाळला, म्हणून तो खरा ठरला.

दुसरं. परका मालक आला की माल बिघडतो, असं म्हणाल तर विंचेस्टर बघा. १९३१ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि ऑलिन कुटुंबाच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीनं घेतली. नवा मालक. आणि विंचेस्टरची सगळ्यात नावाजलेली बोल्ट रायफल, मॉडेल ७०, बाजारात आली १९३६ मध्ये, म्हणजे या नव्या मालकाच्या काळात! मग १९६४ मध्ये काय झालं? मालक तोच. पण हाताचं काम महाग पडतंय म्हणून रचना बदलली. मॉडेल ७० मध्ये काडतूस घट्ट धरून आत नेणारा मोठा आकडा काढला. दस्त्यावरची नक्षी कोरायची ती दाबून उठवायला लागले. ९४ या लिव्हर रायफलीत काही घडीव भागांच्या जागी पत्र्याचे ठोकीव भाग आले. आजही तिथले शौकीन '६४ च्या आधीची' आणि '६४ च्या नंतरची' असा हिशेब करतात, आपण सनपूर्व आणि सनानंतर म्हणतो तसा. तेव्हा मालकी बदलणं हे बिघाडाचं कारण म्हणून पुरेसं नाही, आणि आवश्यकही नाही. नवा मालक घडवू शकतो, जुना मोडू शकतो.

आणखी एक सावधगिरी. जुनं ते सोनं असं म्हणताना आपण टिकलेलं जुनं बघत असतो. वाईट निघालेली जुनी रायफल कधीच भंगारात गेलेली असते. केनांच्या शेवटच्या वर्षांतल्या रायफलींतही दोष सापडले आहेत, आणि रेमिंग्टनच्या शेवटच्या काळातल्या बऱ्याच सुधारल्या होत्या, हे प्रामाणिक चाहते मान्य करतात. ठसा बघून निकाल देणं सोपं आहे. रायफल हातात घेऊन देणं कठीण.

पुन्हा मालक बदलला

आता कथेचा शेवटचा भाग. कर्जाच्या ओझ्याखाली रेमिंग्टननं २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातून बाहेर आली आणि २०२० मध्ये पुन्हा तीच वेळ. या वेळी तुकडे करून लिलाव झाला. मार्लिनचा तुकडा रुगर या कंपनीनं घेतला, तीन कोटी डॉलरच्या आतबाहेर. रुगरसुद्धा कनेटिकटचीच, १९४९ मध्ये स्थापन झालेली. तिनं लगेच रायफली विकायला काढल्या नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडन इथल्या आपल्या कारखान्यात तिनं सगळी जुळणी नव्यानं केली. आधुनिक संगणकी यंत्रांवर भाग कसे घडवायचे ते ठरवलं, नळी घडवायची पद्धतसुद्धा स्वतःची वापरली. वर्षभरानंतर, २०२१ च्या डिसेंबरात, पहिली रायफल बाहेर पडली. ३३६ यायला २०२३ उजाडलं.

आणि चाहते, तेच चिडलेले चाहते, मोठ्या संख्येनं म्हणाले, हं, मार्लिन परत आली.

इथे आपलं तिसरं उत्तरही डळमळतं. मेयोडनच्या कामगारांना नॉर्थ हेवनच्या कामगारांकडून तालीम मिळालेली नाही. साखळी तुटलेलीच आहे. तरी ही मार्लिन लोकांनी स्वीकारली. म्हणजे ओळख नुसती जुन्या हातांतही नव्हती.

मग कशात होती? मला असं वाटतं की 'मार्लिन' हे नाव वस्तूचं वर्णन कमी आणि वचन जास्त होतं. वचन असं की सांधा जुळलेला असेल, काडतूस अडकणार नाही, आणि तसं नसेल तर आम्ही जबाबदार. जुने हात हे वचन पाळायचं एक साधन होते, फार मोलाचं साधन. रेमिंग्टननं ते साधन गमावलं आणि त्याची जागा भरायच्या आधीच माल बाजारात आणला. रुगरनं ते साधन परत मिळणार नाही हे ओळखलं, दुसरं साधन उभं केलं, आणि तोवर थांबली. बौद्धांचा दिव्याचा दाखला इथे आठवतो. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच असते का? तीच नाही, पण निराळीही नाही. ती एक धारा आहे. ज्योत प्रत्येक क्षणी नव्यानं पेटावी लागते. वचनाचंही तसंच. ते वारशात मिळत नाही. दर रायफलीमागे पुन्हा पाळावं लागतं.

रुगरची एक बारीक गोष्ट मला फार आवडली. मार्लिनच्या दस्त्यात खालच्या बाजूला एक छोटी काळी-पांढरी गोल टिकली असायची, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी. ती कंपनीची खूण. रुगरनं ती ठेवली, पण लाल-पांढरी केली. रायफलीच्या क्रमांकाआधी 'आरएम' ही अक्षरं घातली आणि गावाचं नाव स्पष्ट लिहिलं, मेयोडन. जुना ठसा उमटवून लोकांना भुलवणं तसं सोपं होतं. त्याऐवजी त्यांनी सांगितलं, नाव तेच आहे, हात आमचे आहेत, बघून ठरवा. परंपरा पुढे नेणाऱ्यानं तुटलेली जागा लपवू नये. जोड दाखवावा.

तर हळहळ कशाची, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. माणसं लाकडा-लोखंडासाठी हळहळली नाहीत, आणि मालकाच्या आडनावासाठीही नाही. ज्या शब्दावर तीन पिढ्या विसंबल्या तो शब्द मोडला, आणि मोडणाऱ्याला तो मोडल्याचं कळलंही नाही, याची ती हळहळ होती. हा स्मरणरंजनाचा भाग नव्हे. तो एक निवाडा आहे, आणि माझ्या मते बव्हंशी बरोबर निवाडा. त्यांची गल्लत झाली ती कारण सांगताना. ते मालकाकडे बोट दाखवत राहिले. ज्या कामगारांच्या हातांत ते वचन होतं, त्यांच्याबद्दल मात्र कमी बोललं गेलं. रायफलीला निदान नवं घर मिळालं. नॉर्थ हेवनच्या कामगारांना 'मार्लिन परत आली' याचा काय उपयोग? आणि ज्या इलियननं त्यांचं काम नेलं, तिथला कारखाना तरी कुठे राहिला? जवळजवळ दोनशे वर्षं त्या गावात बंदुका बनत होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये तो बंद झाला.

एक प्रश्न घेऊन थांबू.

प्रश्न: सर, शेवटी ही जीव घेणारी वस्तू आहे. तिच्या कारागिरीचं कौतुक करावं का?

उत्तर: चांगला प्रश्न आहे, आणि तो टाळता येणार नाही. फ्रीडम ग्रुपच्याच मालकीच्या बुशमास्टर या दुसऱ्या नावाची रायफल १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या सँडी हूकच्या शाळेत वापरली गेली. वीस लहान मुलं आणि शाळेतली सहा मोठी माणसं त्यात गेली. हे विसरून रायफलीवर बोलणं बरं नव्हे.

दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. वस्तू नीट केली आहे का, हा एक. ती असावी का, कुणाच्या हाती असावी, हा दुसरा. ॲरिस्टॉटल म्हणेल की चांगली सुरी म्हणजे नीट कापणारी सुरी. पण काय कापावं, हे सुरीच्या चांगुलपणातून निघत नाही. कारागिरीचं कौतुक करून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी पहिला खोटा ठरत नाही. आपण खंडेनवमीला शस्त्रं पुजतो, त्यांच्या शेजारी सुताराचा रंधा आणि लोहाराचा हातोडाही ठेवतो. मला विचाराल तर आजच्या व्याख्यानात मी बोललो ते हातोड्याबद्दल. शस्त्राचा प्रश्न मोठा आहे, त्याला एक स्वतंत्र व्याख्यान द्यावं लागेल. ते पुढच्या वेळी घेऊ.